पाच गावांनी मिळून पुरात टिकणारी घरकुलं बांधायची आहेत, वाट दाखवा

कृष्णाकाठ_शिरोळ

नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातली, राजापूर बंधाऱ्याच्या अलीकडच्या एका गावची. ग्रामपंचायतीत सदस्य आहे. घरची दीड एकर मळीची जमीन, दोन म्हशी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमच्याकडं पाऊस बघून पूर कळत नाही. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, म्हणजे धोक्याची पातळी झाली की आम्ही धान्याची पोती माडीवर चढवायला लागतो. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळातनं दक्षिण दारानं बाहेर पडलं, की बाहेरची माणसं स्नानाला धावतात, आणि आम्ही वैरण कुठं ठेवायची ते बघतो. पंचगंगा आणि कृष्णा वाडीला एक होतात, पुढं सगळा सपाट मुलूख. पाणी चढतं हळू आणि उतरतं त्याहून हळू. २०१९ ला नऊ दिवस पाणी घरात होतं. सासूबाईंना गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढलं, तेव्हा पाणी माझ्या गळ्याला लागत होतं.

आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, पांढऱ्या मातीच्या दीड हात रुंद भिंती, वर कौलं. पाणी उतरल्यावर आम्ही छावणीवरून परत आलो तर घर उभं होतं. देव पावला म्हणून मी उंबऱ्यावर डोकं टेकलं. दोन दिवस गाळ काढला. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि दुपारी सोप्याची भिंत बसली. बसली म्हणजे आवाज न करता खाली आली. सासूबाई चहाचा कप ठेवायला आत गेल्या होत्या म्हणून वाचल्या. आमच्या आळीत सात घरं पडली, त्यातली पाच पाणी गेल्यानंतर पडली. पंचनाम्याला माणसं आली होती ती त्याच्या आदल्या दिवशी. त्यांच्या कागदावर आमचं घर 'अंशतः' लागलं, ते पुढं बदलून घेताना वर्ष गेलं.

मग कर्ज काढून विटांच्या भिंती घातल्या. २०२१ च्या जुलैला परत पाणी आलं, जवळपास २०१९ एवढंच. भिंत पडली नाही, पण जोतं खचलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली. गवंड्यानं पाया दोन फुटांवर काळ्या मातीतच थांबवला होता. त्याचा एकट्याचा दोष म्हणवत नाही, आम्हीच पैसे नाहीत म्हणून हात आखडला.

आता मूळ गोष्ट. यंदा घरकुलाची यादी लागलीय. माझ्या वॉर्डात अकरा घरं. शेजारच्या तीन गावांतल्या आणि सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या कागवाड भागातल्या एका गावातल्या बायका बचत गटाच्या निमित्तानं ओळखीच्या आहेत. बोलता बोलता हिशोब केला तर पाच गावांत मिळून साठाच्या वर घरं होतात. सगळी नदीकाठची. प्रत्येकाला सपाट भागाचे १ लाख २० हजार, वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. एवढ्यात २६९ चौरस फुटांचं घर कसंबसं उभं राहतं. पण ते तसंच राहील, जसं माझं राहिलं. पुढच्या पाण्याला परत भेग.

माझ्या मनात असं आलं की ही साठ घरं साठ जणांनी साठ प्रकारे का बांधायची? एक चांगला नकाशा, पुराचं पाणी धरून केलेला. सिमेंट, सळई, वीट एकत्र घेतली तर दर पडेल. चार-पाच गवंडी नीट शिकवून तयार केले तर तेच सगळीकडं फिरतील. पाणी तर पाचही गावांत एकच येतं. धरणातनं किती सोडायचं यासाठी दोन राज्यं एकत्र बसतात, २०२१ च्या जूनमधे आपले तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील आणि कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा बंगळूरला बसले होते. मग घरं बांधायला पाच गावं का बसू शकत नाहीत?

विचारायचं हे: असं कुणी केलंय का? जोतं किती उंच धरायचं? पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर येतात, मग एकत्र खरेदी कोणत्या नावानं करायची? आणि गावात काही जण म्हणतात की घरं बांधूच नका, गाव हलवा. त्यांना काय सांगू? मला खरंच कळत नाही.

---

पाटबंधारे_निवृत्त

ताई, नोकरीची तीस वर्षं नदीकाठी गेली, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

आधी भिंतीचं, कारण तुमच्या सासूबाईंचा प्रसंग वाचून थांबलो. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात असताना बाहेरून आणि आतून सारखा दाब असतो, त्यामुळं ती उभी दिसते. पण आतली माती लोण्यासारखी झालेली असते. पाणी उतरलं की आधार जातो, ओल्या भिंतीचं वजन वाढलेलं असतं, आणि उन्हानं बाहेरचा थर सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो. म्हणून घरं नंतर पडतात. पाणी गेल्यावर किमान आठवडाभर मातीच्या घरात झोपू नये, हे गावात दवंडी देऊन सांगायला हवं.

विटांच्या घराची गोष्ट उलटी. लोक घर सोडताना दारं-खिडक्या घट्ट लावतात. बाहेर चार-पाच फूट पाणी आणि आत कोरडं, म्हणजे नऊ इंची भिंतीवर एकाच बाजूनं सगळा रेटा. पाणी दारापर्यंत येणार हे नक्की असेल तर सामान वर टाका आणि पाण्याला आत येऊ द्या. जोत्याच्या वर भिंतीत जाळीची भोकं ठेवली तर हे आपोआप होतं.

आता उंची. तुमच्या अंगणात २०१९ ला किती फूट पाणी होतं ते लिहिलं नाही, पण गळ्याला म्हणजे पाच फूट तरी, आणि ते चढत असताना. सात धरू. २६९ चौरस फुटांचं जोतं सात फूट भरायचं तर एका घराला जवळपास १९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागेल, अकरा घरांना २०० ब्रासच्या वर. तो धरून ठेवायला चारी बाजूंनी दगडी भिंत वेगळी. पैसे राहू द्या, पण एवढा भराव आळीत टाकला तर पाणी शेजारच्या घरात घुसेल. महामार्गाच्या भरावानं पाणी तुंबतं म्हणून कोल्हापूरची माणसं किती वर्षं ओरडताहेत, तेच आपण गावात करायचं नाही.

म्हणून भराव नको, कॉलम. खाली मोकळं ठेवायचं, तिथं म्हशी, वैरण, मोटारसायकल. राहणं वर. आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठी मिशिंग लोक बांबूच्या खांबांवर चांग घर बांधून पिढ्यान् पिढ्या असेच राहतात.

त्याआधी एक काम करा. तुमच्या गावाची पूररेषा आखलेली आहे का आणि हे प्लॉट कुठं येतात ते पाटबंधारेकडून लेखी घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. २०२० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणं दोन रेषांच्या मधे बांधायचं तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या दीड फूट वर हवी. निळ्याच्या आत नवं बांधकाम नाही, जुन्या घराची पुनर्बांधणी तेवढी याच उंचीवर होऊ शकते. हे न बघता पाया खणू नका.

कॉलमचं घर १ लाख २० हजारांत होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण दोन घरं पाठीला पाठ लावून बांधली तर मधली भिंत एक, मधले कॉलम सामायिक, आणि गच्चीवर जायचा जिना दोघांत एक. तुमचा एकत्र यायचा विचार मला खरा इथं उपयोगी वाटतो, सिमेंटच्या दरापेक्षाही. भावकीत हे जमेल का, ते तुम्ही जाणता.

---

कृष्णाकाठ_शिरोळ

साहेब, फार उपकार. पाणी साडेसहा फूट होतं, भिंतीवर डाग आहे तो मोजला. २०२१ चा डाग त्याच्या चार बोटं खाली.

पाठीला पाठ लावायचं ऐकून आधी वाटलं होणारच नाही. पण अकरातली चार घरं जावा-जावांच्या दोन जोड्यांची आहेत, आणि दोन बायका एकमेकींच्या मैत्रिणी. त्यांना विचारते. म्हशी खाली आणि आपण वर हे बायकांना लगेच पटेल. पूर आला की सगळ्यात मोठा घोर जनावरांचा असतो, त्यांना सोडून छावणीत जाववत नाही म्हणून माणसं शेवटपर्यंत थांबतात.

---

गवंडी_करवीर

ताई मी आंबेवाडीकडचा. बांधकामावरच आयुष्य गेलं, लिहायची सवय नाही, चूक झाली तर सांभाळून घ्या.

गाव हलवा म्हणणाऱ्यांना आमच्याकडं घेऊन या. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीला सोनतळीला जागा दिल्या. जागा उंच, पाणी येत नाही, चांगलीच आहे. पण रान खाली, गोठा खाली, देऊळ खाली. धार काढायला पहाटे चारला कोण खाली येणार? २०१९ ला आणि २०२१ ला सोनतळीनंच माणसं वाचवली, हे मी कधी विसरणार नाही. पण पाणी ओसरलं की आम्ही परत खाली. तेव्हा वर जागा मिळत असेल तर घ्या, सोडू नका, आणि तिथं पत्र्याची का होईना मोठी शेड आणि जनावरांना पाणी आधी करा. खालचं घरपण पक्कंच बांधा. दोन्ही लागतं. एकच धरलं की फसतो माणूस.

पायाचं सांगतो. काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते. तिच्यात दोन फुटांवर थांबलेला पाया म्हणजे पाळण्यात ठेवलेलं घर. मुरूम लागेपर्यंत खणायचं. आमच्यात सहा-सात फुटांवर लागतो, तुमच्या मळीत त्याहून खाली असणार. तेवढं परवडत नसेल तर भोक पाडून खाली कांद्यासारखा फुगा करतात तो पाइल घालायचा, साहेबांना माहीत असेल. त्याचं मशीन लागतं, एका घरासाठी कोण आणत नाही. साठ घरं म्हटली तर येईल. ही एक गोष्ट एकेकट्याला मिळतच नाही बघा.

कॉलम एक दिवस ओतला आणि हप्ता तीन महिने आला नाही, मधे पावसाळा, वरच्या सळया लाल होऊन बसतात. असली कामं मी किती बघितली. म्हणून साठ घरं एकदम काढू नका. दहा काढा, स्लॅबपर्यंत न्या, मग पुढची दहा.

आणि विटा भाजलेल्या बघून घ्या. दोन विटा एकमेकींवर मारल्या की टणकन् वाजली पाहिजे. एक वीट रात्रभर बादलीत ठेवा, सकाळी कोपरा नखानं निघाला तर अख्खी गाडी परत.

घरकुलाच्या योजनेत गवंडी शिकवायचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण असतं, खऱ्या घरावर काम करत. ते तुमच्या पाच गावांच्या पोरांसाठी एकत्र मागा. बायकापण शिकू शकतात. माझी सून माझ्याबरोबर गिलावा करते, माझ्यापेक्षा साफ हात आहे तिचा.

---

सीमाभाग_चिकोडी

मी पलीकडचा, पण आमचीही भाषा हीच. ताईंच्या गावात माझ्या मावशीचं घर आहे.

कर्नाटकात घरकुलाचा कारभार राजीव गांधी ग्रामीण वसती निगम बघतो, राज्याची बसव वसती वेगळी. यादी वेगळी, ॲप वेगळं, हप्त्याचे टप्पे वेगळे. तेव्हा पैसा एका थैलीत येणार नाही, त्या नादाला लागून वेळ घालवू नका. एकत्र येण्यासारखं जे आहे ते निराळं. आमच्याकडचे गवंडी रोज तुमच्याकडं कामाला येतात, तुमची वाळू-खडीची गाडी आमच्याकडं येते. माणसं आणि माल आधीच एक आहेत. नकाशा मराठीत आणि कन्नडमधे छापून दोन्ही पंचायतींत लावा, एवढ्यानं सुरुवात होईल. भाषांतर मी करून देतो.

आणखी एक. पाणी आलं की तुमच्याकडचे म्हणतात आमच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, आमच्याकडचे म्हणतात वरून कोयनेचं सोडलं. माझ्या चुलत्याचं घर २०१९ ला गेलं. तो रेशनच्या रांगेत उभा होता तेव्हा त्याला हे दोन्ही ऐकवत नव्हतं. अलमट्टी ५१९.६० मीटरवर ठेवायची की वाढवायची हा प्रश्न मोठा आहे, त्यावर भांडायला मोठी माणसं आहेत. पण तो सुटेपर्यंत घरं बांधायची थांबवायची नाहीत. मी या कामात तुमच्याबरोबर आहे.

---

पाणीपुरवठा_सचिव

खरेदी कोणत्या नावानं करायची, एवढ्याच प्रश्नाला उत्तर देतो, कारण तेवढंच मला नीट येतं. आमच्या उपसा जलसिंचन संस्थेचं दप्तर मी बरीच वर्षं लिहितोय.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात नवी संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. तुमच्या वॉर्डातच अकरा आहेत. पलीकडच्या गावाला सभासद करायचं तर मल्टिस्टेट, म्हणजे दोन राज्यांत चालणारी संस्था लागेल, त्याला प्रत्येक राज्यातले किमान ५० सभासद हवेत आणि नोंदणी केंद्राकडं. ते आत्ता तुमच्या आवाक्यातलं नाही. चार गावांची एक संस्था इकडं काढा, पलीकडच्यांनी त्यांचा बचत गट पुढं करावा, आणि दोघांनी एकाच दुकानदाराकडं एकाच दिवशी मागणी द्यावी. दर तोच मिळेल.

किंवा नवीन संस्था काढूच नका. गावातली सेवा सोसायटी सिमेंट-सळई ठेवू शकते का ते तिचे पोटनियम वाचून बघा. आपल्याकडं दूध गोळा करायला, ऊस गाळायला, पाणी उचलायला संस्था आहेत. माझ्या आजोबांच्या पिढीनं नदीचं पाणी दोन-तीन मैल लांबच्या रानात नेलं ते असंच, दागिने गहाण ठेवून. तेव्हा पाइपलाइन कुणाच्या एकट्याच्या आवाक्यात नव्हती, आज पुरात टिकणारं घर नाही.

हिशोबाचं मात्र पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. सभासदानं हप्ता आला की आठ दिवसांत मालाचे पैसे भरायचे, हे लिहून घ्या. प्रत्येक गावाचं खातं वेगळं, आणि महिन्याचा जमाखर्च चावडीवर फळ्यावर. चांगल्या संस्था बुडाल्या त्या चोरीनं कमी आणि न सांगितल्यानं जास्त.

---

पाटबंधारे_निवृत्त

गवंडीदादा म्हणतात तो कांद्यासारखा पाइल बरोबर आहे, रुरकीच्या संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच तो विकसित केला. त्याआधी मातीची तपासणी करून घ्या, पाच गावांत पाच ठिकाणी तरी. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पत्र द्या, विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी असं काम हवंच असतं.

एक राहिलं. विटा वाचवायला मधे पोकळी सोडून भिंत रचतात, रॅट-ट्रॅप म्हणतात, लॉरी बेकरांनी केरळात ती खूप वापरली. चतुर्थांश विटा वाचतात आणि घर थंड राहतं. वरच्या मजल्याला जरूर करा. पण जिथवर पुराचं पाणी पोचतं तिथं नको, पोकळीत गाळ बसला की काढता येत नाही. विजेचे बोर्डही डागाच्या वर घ्यायला सांगा.

---

कृष्णाकाठ_शिरोळ

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण फिरत होते.

जावा-जावांची चार घरं पाठीला पाठ लावायला तयार झाली. मैत्रिणींपैकी एक तयार आहे, दुसरीचा नवरा जिन्यावरून अडलाय, त्याला भीती की पुढं वाटणीत भांडण होईल. त्याला स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ म्हटलंय. म्हणजे पहिल्या दहाच्या ऐवजी पहिली चार, झाली तर सहा. कमी वाटतात, पण ती स्लॅबपर्यंत नेली तर बाकीचे आपोआप बघायला येतील.

पूररेषेचा अर्ज दिला, पोच घेतली. तीन प्लॉट तर नदीच्या इतके जवळ आहेत की ते निळ्या रेषेत येणार, असं मलाच वाटतं. ती तिन्ही कुटुंबं मजुरी करणारी, दुसरी जागा नाही. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ योजनेतून पैसे मिळतात असं ग्रामसेवक म्हणाले, पण उंचावरची गुंठाभर जागा त्या पैशात कोण देणार? गावाच्या वरच्या अंगाला थोडं गायरान आहे. ग्रामसभेत तो विषय मी मांडणार आहे. विरोध होईल. माझ्याच दिराची जनावरं तिथं चरतात, पहिला विरोध घरातनंच होईल. गवंडीदादा, तुमची सोनतळीची गोष्ट मी ग्रामसभेत वाचून दाखवली तर चालेल का? तिथं आधी शेड आणि जनावरांचं पाणी, हे मी ठरावातच घालून घेते.

सीमाभागवाले दादा, तुमची मावशी मला भेटली, तुमच्याबद्दल बोलत होती. नकाशा आला की पाठवते.

आणि एक काम आम्ही कुणाला न विचारता चालू केलंय. गटाच्या बायकांनी लाल रंगाचा डबा घेतला आणि २०१९ चा डाग जिथं जिथं दिसतो तिथं पट्टा ओढायला सुरुवात केली. शाळेवर, चावडीवर, देवळाच्या कमानीवर, प्रत्येक घरावर. वर वर्ष आणि फूट-इंच. काही घरांना नवा रंग दिला म्हणून डाग गेलाय, तिथं शेजारच्या पट्ट्यावरून पाण्याची नळी धरून पातळी घेतो. पलीकडच्या गावात रविवारी जायचंय. उद्या कुणीही पाया खणायला घेतला तर त्यानं आधी तो पट्टा बघावा. साहेब, नळीनं पातळी घेताना किती लांबपर्यंत भरवसा ठेवायचा ते तेवढं सांगा. आमची नळी चाळीस फुटांची आहे.